एमी ग्रँट, रेव्हरंड टिळक आणि कॅसेटच्या दुकानातला कप्पा

या शनिवारी कोड, अप्रेझल आणि "पुण्याला जाऊ की नागपुरातच राहू" हे नेहमीचं दळण बाजूला ठेवतोय. गाण्यांवर लिहितो. त्यातही ख्रिस्ती गाण्यांवर. "काहून बे, चर्चमध्ये जाऊन राहिला का तू?" असं विचारणारे दोन-तीन मित्र आहेतच माझे, त्यांच्याकडे मागाहून येतो.

सुरुवात एका अमेरिकन पॉप अल्बमपासून. 'हार्ट इन मोशन', मार्च १९९१, गायिका आणि गीतकार एमी ग्रँट. (नाव ऐकलं नसेल तरी यातलं 'बेबी बेबी' कुठल्या तरी एफएमवर, नाहीतर एखाद्या मॉलच्या लिफ्टमध्ये कानावरून गेलेलं असणार.) मला ही कॅसेट एका मित्राकडून मिळाली. तो सदरचा, मराठी ख्रिस्ती घरातला, चर्चमध्ये गिटार वाजवणारा. कॅसेट गेली, ती वाजवायचं यंत्रही गेलं, पण अल्बम आता फोनमध्ये आहे. मिहानहून घरी येताना वर्धा रोडचे सिग्नल धरून साधारण एका खेपेत संपतो. अकरा गाणी.

एमी ग्रँट कोण, हे आधी सांगायला पाहिजे. अमेरिकेत 'कंटेम्पररी ख्रिश्चन म्युझिक' नावाचा एक अख्खा वेगळा धंदा आहे. चाल पॉपची किंवा रॉकची, वाद्यं तीच, शब्द देवाचे. त्यांच्या कंपन्या वेगळ्या, रेडिओ स्टेशनं वेगळी, पुरस्कार वेगळे, आणि कॅसेट-सीडीच्या जमान्यात तर बरीचशी विक्रीही ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांतून व्हायची. एमी ग्रँट या दुनियेची राणी. पहिला अल्बम १९७७ साली, शाळेत असताना. १९८२चा 'एज टु एज' पुढे प्लॅटिनम ठरला, म्हणजे दहा लाखांवर गेला. ख्रिस्ती गाणी म्हणणाऱ्या एकट्या कलाकाराला तोवर हे जमलं नव्हतं.

आणि मग १९९१ साली बाईंनी कप्पा बदलला. 'हार्ट इन मोशन' हा सरळ पॉप अल्बम आहे. प्रेम, संसार, मैत्री, घर आणि नोकरी सांभाळणाऱ्या बाईची धावपळ ('हॅट्स' नावाचं गाणं आहे, एकाच डोक्यावर किती टोप्या घालायच्या म्हणून). उघड उघड देवाचं म्हणावं असं गाणं एकच, अगदी शेवटचं, 'होप सेट हाय'. अल्बम तुफान चालला. 'बेबी बेबी' एप्रिल १९९१मध्ये बिलबोर्डच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलं, अल्बमला त्या वर्षीच्या सर्वोत्तम अल्बमसाठी ग्रॅमीचं नामांकन मिळालं, आणि एकट्या अमेरिकेत तो ५० लाखांवर गेला.

तिच्या घरच्या श्रोत्यांनी मात्र डोळे वटारले. 'बेबी बेबी'च्या व्हिडिओत ती एका देखण्या तरुणाशी लाडात आलेली दिसते. ती विवाहित, आणि तो तरुण तिचा नवरा नव्हे, भाड्याचा मॉडेल. झालं, बोंबाबोंब! यातली गंमत अशी की हे गाणं तिला सुचलं ते तिच्या जेमतेम काही आठवड्यांच्या मुलीकडे बघून. अंगाईच्या जातीचं गाणं, बाजारात जाताना त्याला प्रेमगीताचे कपडे घातले, आणि लोक भांडले ते कपड्यांवरून.

त्या दुनियेत एक जुना विनोद आहे, 'जेपीएम'. जीझस पर मिनिट. गाणं पुरेसं ख्रिस्ती आहे की नाही हे ठरवायचंय? दर मिनिटाला येशूचं नाव कितीदा येतं ते मोजा. आपल्या धंद्यातल्या माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. दिवसाला किती ओळी कोड लिहिला यावरून माणूस मोजणारे मॅनेजर आपण बघितलेत. मोजायला सोपं आहे म्हणून मोजायचं, आणि मग सगळी टीम त्या आकड्यासाठी कोड लिहायला लागते.

माझ्या मते या अल्बममधलं सर्वांत श्रद्धेचं गाणं 'होप सेट हाय' नाहीच. ते आहे 'आस्क मी'. लहानपणी लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलीचं गाणं आहे ते, आणि तेव्हा देव कुठे होता हा प्रश्न त्यात टाळलेला नाही. बाकी निम्मा अल्बम मला आज जरा गोडमिट्ट लागतो, आणि त्यातली ड्रम मशीन म्हणजे १९९१ सालचा जन्मदाखलाच. पण 'आस्क मी' लागलं की सिग्नल हिरवा झालेला कळत नाही. (मागचा ऑटोवाला कळवतो.)

तर या सगळ्यावर एकदा त्या मित्राशी गप्पा चालल्या होत्या. मी विचारलं, "मराठीत आहे का रे असलं काही? म्हणजे आपल्या भाषेत, आपल्या चालीत, श्रद्धेचं, पण गाणं म्हणून ऐकावंसं वाटेल असं?"

तो म्हणाला, "टिळक."

लोकमान्य नव्हेत हो. रेव्हरंड नारायण वामन टिळक.

आता टिळक आपल्यापैकी मराठी शाळेत गेलेल्या सगळ्यांना माहीत आहेत. 'केवढे हे क्रौर्य', 'वनवासी फूल', फुलामुलांचे कवी, झालंच तर बालकवींना ज्यांनी आपल्या घरात ठेवून घेतलं ते टिळक. पुस्तकात नावाआधी 'रेव्हरंड' लिहिलेलं असायचं. त्या शब्दाचं काय करायचं ते आमच्या बाईंनी काही सांगितलं नाही, आणि वर्गात कुणी विचारलंही नाही.

आणि टिळकांवर थोडा हक्क नागपूरकरांचाही आहे, हे आपण जरा छाती फुगवून सांगायला हरकत नाही. जन्म कोकणातला, पण १८९१च्या सुमाराला ते नागपुरात आले. इथले अप्पासाहेब बुटी हे धनिक गृहस्थ त्यांचे आश्रयदाते होते. त्यांच्याकडे संस्कृत ग्रंथांचा मोठा संग्रह होता, आणि त्या ग्रंथांचं काम टिळकांकडे होतं. म्हणजे ख्रिस्ती व्हायच्या आधीची त्यांची वर्षं वेदवाङ्मयात गेली, तीही आपल्या गावात. मग १८९३मध्ये राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचा एक मिशनरी भेटला, बोलणं झालं, आणि निघताना त्याने टिळकांच्या हातात बायबल ठेवलं. ही आपली हावडा लाइन. गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव. मी त्या मार्गावर कितीदा गेलोय, मला डब्यात फक्त चणे आणि राजकारण भेटलंय.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर घरात जे झालं, बायको-मुलाची ताटातूट, १९००मध्ये लक्ष्मीबाईंचंही ख्रिस्ती होणं, ते सगळं लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहून ठेवलंय. नागपूरचे दिवसही त्यात आहेत. ते पुस्तक ज्यांनी वाचलं नाही त्यांनी बाकी सगळी कामं सोडून आधी ते वाचावं. मी सांगून मजा घालवत नाही.

मला सांगायचंय ते त्यांच्या गाण्यांबद्दल.

अमेरिकन मिशनरी मुंबईत आले १८१३ साली. चर्च आलं की गाणी आली, आणि ती बरीचशी भाषांतरित, इंग्रजी चालींसकट. आता यात तांत्रिक भानगड काय होते बघा. इंग्रजी चाल कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा ते आधीच ठरवून आलेली असते. मराठी शब्दाला असा ठरलेला जोर नाही, त्याला ऱ्हस्व-दीर्घ आहे. मग 'प्रभु'मधला बिचारा ऱ्हस्व उकार चालीच्या गरजेपोटी तीन-तीन मात्रा ताणला जातो, आणि 'तारणारा'सारखा ऐसपैस शब्द कोंबून बसवावा लागतो. दुसऱ्या सिस्टमसाठी लिहिलेला ड्रायव्हर जबरदस्तीने टाकल्यासारखं. चालतं सगळं, पण पंखा घरघरत राहतो.

टिळकांच्या आधीही देशी चालीत लिहिणारे मराठी ख्रिस्ती कवी होऊन गेले. पण टिळक हा कवी म्हणूनच मोठा माणूस, आणि त्यांनी सरळ अभंग उचलला. मोठा अभंग म्हणजे काय? चार चरण. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. लहान अभंग तर अजून सुटसुटीत, आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक. संपलं स्पेसिफिकेशन! अर्ध्या पानात मावतं. कुणाचं लायसन्स लागत नाही, शेकडो वर्षांत व्हर्जन बदललेलं नाही, आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही ते पाठ. मोठ्या अभंगात तिसऱ्या चरणापर्यंत वेग येतो आणि चौथ्यात दोन अक्षरं कमी पडतात. तिथे जी जागा रिकामी राहते तिथे टाळ वाजतो, गाणारा श्वास घेतो आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप खाली येते. ही मान खाली येणं कुठल्याही उपदेशाने होत नाही, ते त्या दोन न आलेल्या अक्षरांनी होतं.

टिळकांचं म्हणणंच असं होतं की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोचलो. ते त्यांच्या गाण्यात दिसतं. ख्रिस्ताला ते आई म्हणतात, गुरू म्हणतात. वारकऱ्याने विठ्ठलाला माउली म्हणावं तितक्या सहज. 'अभंगांजली' नावाचा त्यांचा संग्रहच आहे, आणि मराठी चर्चमध्ये दर रविवारी ज्यातून गातात त्या 'उपासना-संगीता'त त्यांची पुष्कळ गाणी आहेत. निकोल मॅकनिकोल या स्कॉटिश मिशनऱ्याने त्यांतल्या काहींची इंग्रजी भाषांतरं केली आणि ती पार ब्रिटनमधल्या चर्चच्या गीतसंग्रहांत जाऊन बसली. म्हणजे भाषांतराची गाडी उलट दिशेने धावली.

(हे करणारे टिळक पहिलेही नव्हेत, गोव्यात एक त्यांच्या आधीचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट. त्याचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, मराठीत, आणि छापलं रोमन लिपीत. आपण आज "kay chalalay" टाइप करतो, त्याचे आद्यपुरुष हे.)

तुकारामांचा तो पूल मी स्वतःच्या कानांनी ऐकला तो त्या मित्राच्या घरी, नाताळच्या आठवड्यात. काकू स्वयंपाकघरात करंज्या तळत होत्या आणि तळता तळता काहीतरी गुणगुणत होत्या. मला शब्द ऐकू येत नव्हते, तेल तडतडत होतं. पण चाल ओळखीची. माझे बाबा भजनी मंडळात आहेत, गुरुवारी रात्री आमच्याकडे तो ठोका घरभर असतो, त्यामुळे माझा पाय आपला आपण हलायला लागला. मी मागून 'विठ्ठल' येणार म्हणून तयार, आणि आला 'ख्रिस्त'. मी गप्प झालो. काकूंनी झारा हातात धरूनच मागे वळून पाहिलं. "थांबला काहून? म्हण नं. चाल तर येते तुला."

मी विचारलं, कुठला राग? त्या म्हणाल्या, "राग-बिग नाही माहीत. माझ्या आईची चाल आहे."

तेव्हापासून मला एक प्रश्न पडलाय. भीमसेन जोशींचे अभंग ऐकायला वारकरी असावं लागत नाही. माझ्या ऑफिसात पक्का नास्तिक म्हणवणारा एक टेस्टर आहे, तो रिलीजच्या रात्री हेडफोन लावून भीमसेन ऐकतो. त्याला विठ्ठल नकोय, त्याला तो अभंग हवाय, आणि तो मिळवण्यासाठी त्यातला विठ्ठल कुणी खोडून दिलेला नाही. विठ्ठल तसाच्या तसा आहे, विटेवर, आणि हा टेस्टर तसाच्या तसा नास्तिक आहे. दोघांचंही छान चाललंय.

एमी ग्रँटला मात्र मोठ्या दुकानात यायची किंमत द्यावी लागली. अकरा गाण्यांत देवाचं एक. तिने ती राजीखुशीने दिली असेल, मी तिच्या मनात शिरलेलो नाही. अल्बम चांगला झाला, आणि २०२२मध्ये तिला केनेडी सेंटरचा सन्मानही मिळाला, तिच्या दुनियेतल्या कुणाला पहिल्यांदाच. पण व्यवहार असा होता. बाहेर या, देव जरा बाजूला ठेवा.

आणि टिळकांशी आपण हाच व्यवहार केला, तोही त्यांना न विचारता. पाठ्यपुस्तकांनी फुलं घेतली, पाखरू घेतलं, मुलं घेतली. ख्रिस्त ज्यात नाही तेवढे टिळक सगळ्या महाराष्ट्राचे झाले, आणि ख्रिस्त ज्यात आहे ते टिळक चर्चच्या भिंतीआड राहिले. माणूस एकच, छंदावरची हुकमत तीच. पण एक अर्धा आमच्या वर्गात, दुसरा काकूंच्या स्वयंपाकघरात. काकूंना दोन्ही अर्धे येतात, हे पण लक्षात घ्या. त्यांनी फुलांच्या कविताही शाळेत पाठ केल्यात. आम्हालाच एक येत नाही.

नागपुरात राहणाऱ्याला तर हा कप्प्यांचा खेळ फार जवळून दिसतो. तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं विदर्भात जातपात न बघता सगळ्यांच्या तोंडी होती, ती खरी आपली पॉप गाणी! मग दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला जा. स्टॉलच्या स्टॉल भीमगीतांचे. पूर्वी कॅसेटी, मग सीड्या, मग पेनड्राइव्ह. वामनदादा कर्डकांसारखा ताकदीचा कवी-गायक त्यात आहे, कव्वालीपासून लोकगीतापर्यंत सगळे बाज आहेत, लाखो लोक ती ऐकतात. आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला अशी माणसं आहेत ज्यांनी त्यातलं एक गाणं जन्मात ऐकलेलं नाही, आणि तरीही त्यांचा ठाम समज आहे की आपण मराठी गाण्यातले दर्दी आहोत. (आपल्या नागपूरच्या माणिक गोडघाट्यांनी कवी म्हणून नाव घेतलं ते 'ग्रेस'. नाव चाललं, खूप चाललं. पण अभंगातला ख्रिस्त म्हटला की दचकायचं.)

आता त्या मित्रांकडे येतो. ऑफिसखालच्या टपरीवर हा विषय काढला तेव्हा एकजण म्हणाला, "पण तो प्रचार आहे नं बे." प्रश्न फालतू नाही. मिशनरी आले ते इंग्रजी सत्तेच्या काळात, शाळा-दवाखान्यांबरोबर धर्मांतराचा विषय आला, त्यावरून घरं तुटली. टिळकांचंच तुटलं होतं, आणि लक्ष्मीबाईंनी त्यातलं काही झाकलेलं नाही. टिळकांना लोकांनी ख्रिस्ताकडे यावं असं वाटत होतं का? वाटत होतं, आणि त्यांनी ते लपवलं नाही. पण मग तुकडोजींना काही वाटत नव्हतं? वामनदादांना? तुकारामांना तर आपण सगळ्यांनी सगळं सोडून विठ्ठलाच्या मागे लागावं असं वाटत होतं, आणि आपण त्यांचे अभंग ऐकून सोमवारी सकाळी निमूट स्टँडअप मीटिंगला जातोच की. ज्या गाण्याला आपल्याकडून काहीच नकोय ते गाणं लिफ्टमध्ये वाजतं.

शिवाय टिळक हे साहेबाचे पढवलेले पोपट होते असं ज्यांना वाटतं त्यांनी त्यांची शेवटची वर्षं बघावीत. देशभक्तीच्या कविता लिहिणारा हा माणूस १९१७मध्ये मिशनचं काम आणि पगार सोडून साताऱ्याला गेला आणि तिथे 'देवाचा दरबार' उभा केला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, सगळ्यांना त्यात जागा असावी अशी कल्पना होती. मिशनऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ती पचली नसावी असं मला वाटतं. ९ मे १९१९ला ते मुंबईत वारले. दरबाराला नीट वेळच मिळाला नाही.

टपरीवरचा मित्र यावर म्हणाला, "ते ठीक आहे, पण मला चर्चमध्ये जाऊन ऐकायला ऑकवर्ड होते." हे मात्र मला पटलं. अभंगासाठी पंढरपूरला जावं लागत नाही, तो घरी येतो. रेकॉर्डवर, रेडिओवर, दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमात. टिळकांचे अभंग कुणी मोठ्या गायकाने दिवाळी पहाटेला गायलेले मी तरी ऐकलेले नाहीत. का नाही? चाली आहेत, शब्द आहेत, नाव तर पाठ्यपुस्तकामुळे घराघरांत आधीच पोचलंय. निवेदकाला दोन मिनिटं बोलायला 'स्मृतिचित्रे'चा मसाला आहे. माझी मागणी एवढीच आहे, आणि ख्रिस्ताचं नाव न गाळता. तशीच चार फुलांची गाणी निवडायची असतील तर ती आम्हाला शाळेपासून पाठ आहेत.

दुसरीकडे माझ्या मित्राची गोची अजून वेगळी. त्याच्या चर्चमधल्या तरुण पोरांना हिलसाँगसारखी इंग्रजी गाणी हवी असतात. इलेक्ट्रिक गिटार, पडद्यावर शब्द, हळूहळू चढत जाणारा कोरस. टिळक म्हणजे "आजीची गाणी". म्हणजे बाहेरच्यांनी भिंत घातलीच होती, आता आतली खोलीही रिकामी होत चाललीय. पुढच्या पिढीत ती चाल कोण म्हणणार हा त्याला पडलेला प्रश्न आहे, आणि तो मला 'आस्क मी'पेक्षा जास्त रात्री जागवतो असं तो म्हणाला. (तो जरा नाटकी आहे.)

म्हणून त्याने एक उद्योग सुरू केलाय. टिळकांचे चार अभंग, गिटारवर. मी रविवारी दुपारी जाऊन रेकॉर्डिंगला बसतो, म्हणजे लॅपटॉप सांभाळतो. स्टुडिओ वगैरे नाही, त्याचीच खोली, दारं-खिडक्या बंद, कूलर बंद. पहिल्या टेकमध्ये कुकरच्या दोन शिट्ट्या स्पष्ट ऐकू येतात. अडचण येतेय ती चौथ्या चरणाला. गिटारचे कॉर्ड सरळ चार-चारच्या हिशोबात बदलतात, आणि अभंग तिथे दोन अक्षरं आधीच थांबतो. मग कॉर्ड बदलायचा की जुनाच लोंबकळत ठेवायचा? आम्ही दोन रविवार यावर भांडलो. त्याने शेवटी तिथे काहीच वाजवायचं नाही असं ठरवलं. नुसती तार सुटी सोडायची. मला ते आवडलं.

काकूंना फोनवर ऐकवलं. त्यांनी डोळे मिटून चारही ऐकले, कुकरच्या शिट्ट्यांना हसल्या, आणि म्हणाल्या, "गिटार गोड आहे. पण ही जागा अशी रिकामी काहून ठेवली? टाळ कुठाय?"

आमच्या घरी टाळांचे दोन जोड आहेत, बाबांच्या मंडळाचे. काल रात्री बाबांना विचारलं, नेऊ का म्हणून. कशासाठी ते सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पितळेचे नको नेऊ, कर्कश आहेत. काशाचे ने. आणि वाजवणार कोण? तुला येत नाही."

रविवारी तेही येतायत.